वॅट नव्हे, उजेड विचारा

विजेचा दिवा घेतांना "किती वॅटचा?" असें आपण सारेच विचारतों; "उजेड किती?" असें विचारणारें गिऱ्हाईक विरळें. वस्तुतः वॅट हें दिवा किती वीज घेतो याचें माप होय. दिव्यांतून निघणाऱ्या उजेडाच्या मापास ल्युमेन म्हणतात.

जुन्या दिव्यांतील टंगस्टनची तार तापून लखलखूं लागते, तेव्हां कोठें उजेड पडतो. आणि घेतलेल्या विजेचा सुमारें विसावा हिस्साच दृश्य प्रकाश होतो, बाकीची सारी उष्णता. वैशाखांतल्या खामगांवांत पैसे देऊन उष्णता विकत घेण्यासारखा वेडेपणा नाहीं! एल्. ई. डी. दिव्यांत अर्धवाहकाचा बारीकसा तुकडा विजेपासून थेट प्रकाश निर्माण करितो. म्हणून ६० वॅटचा जुना दिवा सुमारें ७०० ल्युमेन देतो, तर ९ वॅटचा हा नवा दिवा ८०० च्या आसपास.

आतां हिशेब पाहूं. रोज ५ तासांप्रमाणें ३० दिवसांत जुना दिवा ९ युनिटें घेतो, नवा १.३५. असे ४ दिवे बदलले तर महिन्याकाठीं ३० युनिटें वांचतात. आपली वीज बव्हंशीं कोळशाची. जवळच्या पारस येथें २५० मेगावॅटचे दोन संच कोळशावरच चालतात.

तथापि एल्. ई. डी. म्हटले कीं सारे दिवे सारखेच, असें समजूं नये. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याच्या आधारें या दिव्यांवर ताऱ्यांचें लेबल २०१८ पासून सक्तीचें झालें. दर वॅटमागें किती ल्युमेन मिळतात, यावरून १ ते ५ तारे ठरतात. बिनलेबलाचा स्वस्त दिवा घेणाऱ्यास आपण काय घेतलें हें कळण्यास मार्गच नसतो.

कित्येक घरीं काटकसर म्हणून अभ्यासाच्या खोलींत सर्वांत कमी वॅटचा दिवा लावितात, आणि तोही आढ्याशीं. यानें मुलांचे डोळे शिणतात. दिवा दुप्पट दूर गेला कीं वहीवरील उजेड चौथाईवर येतो. तोच २ मीटरांवरून १ मीटरावर आणिला तर तितक्याच विजेंत चौपट उजेड मिळतो.

विद्यार्थिमित्रांनीं वडील माणसांच्या देखत एक प्रयोग करून पाहावा. घरांतील इतर सर्व उपकरणें बंद करून एकच दिवा लावावा व मीटरावरील लाल ठिपका १० मिनिटांत किती वेळां लुकलुकतो तें मोजावें. युनिटास ३,२०० वेळां लुकलुकणाऱ्या मीटरावर जुन्या दिव्यास ३२ ही संख्या येईल, नव्यास ४ किंवा ५.