आतड्याचा जुना आजार आणि औषधाचा खर्च

शौचावाटे रक्त व आव पडणारा, मोठ्या आतड्याला जखमा करणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आजार वर्षानुवर्षे सोबत राहतो. रक्त थांबले की रुग्ण गोळ्या बंद करतो. कारण बहुधा एकच, परवडत नाही. पुढे आजार पुन्हा उसळतो आणि इस्पितळाचे बिल गोळ्यांच्या कित्येक पट होते.

याहून घातक म्हणजे जुन्याच चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन घेत राहणे. गोळी स्वस्त, आरामही लवकर पडतो. पण महिनोन् महिने घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर वाढते. ती आपल्या मनाने एकदम बंदही करू नये.

मग करावे काय? डॉक्टरांना संकोच न करता सांगा, ‘एवढे झेपत नाही.’ मेसालामाइन महाग पडत असेल, तर सल्फासालाझीन हे स्वीडनमध्ये निघालेले जुने औषध पुष्कळांना चालते. मोठ्या आतड्यात पोचल्यावर त्यातूनही मेसालामाइनच सुटते. मात्र सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी ते घेऊ नये. सोबत फॉलिक अॅसिड लागते, अधूनमधून रक्त तपासावे लागते. मूल हवे असलेल्या पुरुषांनी तसे आधी सांगावे, कारण शुक्रजंतू तात्पुरते घटतात. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका.

चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी दुकानात चौकशी करा; ही योजना २००८ पासून आहे. मेसालामाइनच्या निरनिराळ्या गोळ्या आतड्यात निरनिराळ्या ठिकाणी विरघळतात, म्हणून दुकानदाराने बदलून दिलेली गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावी.