क्लास कुणाच्या भीतीसाठी?

बारावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या मागोमाग घरात जाहिरातींची पत्रकंही येतात. ‘व्यक्तिमत्त्व विकास’, ‘फाडफाड इंग्रजी’, ‘इंजिनिअरिंगची पूर्वतयारी’. कोकण विभाग निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिला, त्याचं कौतुक चार दिवस पुरतं. मग पोटात गोळा येतो. मालवणचं पोर पुण्या-मुंबईत टिकेल ना? शेजारच्या मुलाने केलेला पंधरा दिवसांचा क्लास आपणही लावून टाकतो. फी भरली की आपल्याला शांत झोप लागते. पोराला लागते का, ते विचारायचं राहून जातं.

विचारणार तरी कधी? मे महिन्यात घरात चाकरमानी उतरलेले, कुणाकडे किल्ला बघायला आलेले पर्यटक मुक्कामाला, कुणाचे आंबे, कुणाची होडी १ जूनच्या मासेमारी बंदीआधी वर काढायची घाई. त्यात दाखले, नॉन-क्रिमीलेअर आणि कॅपच्या फेऱ्या. पोराशी बोलणं होतं ते ‘झेरॉक्स काढलीस काय?’ एवढंच.

आपण धरूनच चालतो की त्यांना इंग्रजीची भीती असणार. बोलतं केलं की वेगळंच निघतं. आमची लेक एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, ‘आई, थंय माझ्यावांगडा जेवक कोण बसतलो?’ मी इतके दिवस स्पोकन इंग्लिशच्या फिया विचारत फिरत होते. तिच्या मैत्रिणीला वाटतं, आपल्या मालवणी हेलाला हॉस्टेलवर हसतील. कुणाला लोकलच्या गर्दीची धास्ती, कुणाला सगळ्यांच्या बाथरूमची, तर कुणाला घरी एकट्या राहणाऱ्या आजीची काळजी. यातल्या कशावर क्लास आहे, सांगा!

जेवायला सोबत कोण, याची सोय मात्र कॉलेजातच असते, निदान कागदावर तरी. तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांना एआयसीटीईने २०१७-१८ पासून नव्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम घालून दिला. यूजीसीने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने बाकीच्या कॉलेजांसाठीही तशीच आखणी दिली. खेळ, चित्रकला-नाटक, वाचन, आसपासच्या भेटी, विभागाची ओळख असं त्यात असतं. साधारण वीस मुलांमागे एक शिक्षक, ज्याच्याकडे मूल अडचण घेऊन जाऊ शकेल. अभ्यासाचा रेटा सुरू व्हायच्या आधी मुलं एकमेकांना ओळखू लागावीत, हा त्यामागचा विचार. काही कॉलेजं हे जीव लावून करतात. काही ठिकाणी तीन दिवस भाषणं आणि चहा-बिस्किटं. आणि आपण? ‘अजून शिकवायला कुठे सुरुवात झालीय’ म्हणत पोराला आठ दिवस उशिरा पाठवतो. तोवर तिकडे डब्याच्या जोड्या जमलेल्या असतात.

म्हणून क्लास शोधण्याआधी कॉलेजला फोन करून इंडक्शनच्या तारखा विचाराव्यात असं मला वाटतं. शेवटच्या फेरीत नंबर लागला असेल तर हेही विचारावं, की उशिरा येणाऱ्यांसाठी काय करता. हा फोन पोरानेच केला तर उत्तम. आपण बाजूला बसून खुणा करायच्या नाहीत, हे मात्र जड जातं.

बाहेरचं काही लावायचंच असेल, तर मी प्रमाणपत्रापेक्षा मुक्काम बघेन. अनोळखी मुलांबरोबर चार रात्री राहायचं, पाळीने वाढायचं, आपलं आपण धुवायचं असं शिबिर किंवा ट्रेक असेल तर पैसे वसूल. दिवसभर खुर्चीवर बसवून ‘आत्मविश्वास कसा वाढवावा’ सांगणाऱ्यांकडे ते दिवस घालवण्यापेक्षा पोराने एकट्याने कुडाळहून गाडी पकडून मावशीकडे जाऊन यावं.

आपल्या आजोबा-काकांच्या वेळी ही तयारी गावच करून घेत असे. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत गावकरी मंडळांच्या खोल्या होत्या. नवा पोरगा ट्रंक घेऊन उतरला की नोकरीसाठी कुणाला भेटायचं, कुठल्या खानावळीत जेवायचं, गावाला पैसे कसे पाठवायचे हे जुने लोक शिकवत. मुलींना ती सोय नव्हती, हेही खरं. आज त्या कॉलेजात मालवण-वेंगुर्ल्याकडचा एखादा सीनियर शोधला तर तेच काम होतं. फक्त त्याच्याशी बोलायचं पोराने, आपण नव्हे. रॅगिंगची शंका आपल्या मनात असतेच. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ ही देशभरची हेल्पलाइन आहे. नंबर मुलाच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवावा आणि मग रोज त्यावरून प्रश्न विचारू नयेत.

राहता राहिले गणपती. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की कॉलेजचे पहिले आठवडे आणि चतुर्थी हमखास एकमेकांवर येतात. ‘पोर नाही तर गणपती कसला?’ असं घरात कुणीतरी म्हणणारच. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुटतं, तेव्हा कॉलेजच्या तारखांचा पत्ता नसतो. आम्ही यंदा दोन तारखांची तिकिटं काढायचं ठरवलंय, एक चतुर्थीच्या आदल्या दिवसाचं, एक गौरीच्या वेळचं. त्यातलं कुठलं रद्द करायचं ते लेक तिथे पोचल्यावर ठरवेल, आणि आजीलाही तीच कळवेल.