शाकयुक्त मुद्गयूष : घरगुती कृती व पथ्यविचार

ज्वरमुक्तीनंतर अथवा शोधनानंतर रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘मुगाचे यूष द्यावे’ असे लिहिले जाते. घरी मात्र त्याची तेल व काळ्या मसाल्याची फोडणी घातलेली दाट डाळ होते. जळगाव-धुळे भागात कळण्याची भाकरी व उडदाची डाळ हे आवडीचे अन्न. कष्टकरी, दीप्ताग्नी माणसास ते पोषक असले तरी मंदाग्नी रुग्णास उडीद गुरू ठरतो. कृती व प्रमाण लिहून दिल्यास हा घोटाळा टळतो. म्हणून प्रस्तुत विषयाचा विचार येथे करीत आहोत.

शास्त्राधार : शार्ङ्गधरसंहितेनुसार 1 पल द्रव्य, सुंठ व पिंपळी प्रत्येकी अर्धा कर्ष आणि 1 प्रस्थ पाणी यांपासून यूष सिद्ध होते. आजच्या मानाने 1 पल म्हणजे सुमारे 48 ग्रॅम. म्हणजेच पाणी सोळापट. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शमीधान्यांमध्ये मूग श्रेष्ठ सांगितला आहे. तेथेच अनेक शाकांविषयी ते उकडून, रस पिळून व भरपूर स्नेहासह सेवन करावे, असा निर्देश आहे.

कृती (दोन वेळांसाठी) : सालीचे हिरवे मूग 50 ग्रॅम चार तास भिजवावेत. 800 मिली पाण्यात उघड्या पातेल्यात मंद आचेवर, पाणी निम्मे राहीपर्यंत शिजवून घोटावेत. मेथी, पालक, चाकवत वा तांदुळजा यांपैकी एक भाजी 50 ग्रॅम घेऊन वेगळ्या पाण्यात तीन-चार मिनिटे उकळावी. पाणी टाकून, पिळून, बारीक चिरून यूषात मिसळावी. पाव चमचा सुंठ व चिमूटभर पिंपळी पुरे. ग्रंथोक्त मात्रा घरगुती आहारात तीक्ष्ण वाटते. शेवटी चमचाभर साजूक तुपात जिरे-हिंगाची फोडणी व चवीपुरते सैंधव घालावे.

अवस्थाभेद : संसर्जनक्रमात पेया व विलेपीनंतर प्रथम अकृत यूष, म्हणजे स्नेह, लवण व मसाल्याविना केलेले, आणि मग कृत यूष येते. अकृत यूष गाळून द्यावे. त्यात भाजी नको. क्षुधा व मलप्रवृत्ती प्राकृत झाल्यावरच शाकयुक्त यूष योजावे, असे आमचे मत आहे. निरोगी, दीप्ताग्नी व्यक्तीस हेच यूष चवळी वा मटकीचे, दाट करून ज्वारीच्या भाकरीसोबत देता येते.

सावधानता : मूतखड्याच्या रुग्णास आपण कुळथाचे यूष सांगतो आणि घरची मंडळी ते पौष्टिक व्हावे म्हणून त्यात पालक किंवा आंबट चुका घालतात. या दोन्ही भाज्यांत ऑक्झलेट पुष्कळ असते व कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यात ते अहितकर ठरते. चाकवत व तांदुळजा यांबाबतही तोच विचार करावा. त्यांच्या तुलनेत मेथी बरी. उकळलेले पाणी टाकल्याने विद्राव्य ऑक्झलेट बरेच कमी होते. प्राचीन ‘निष्पीडित’ विधीचे हे एक व्यावहारिक फळ होय. वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये, कारण तीतील ‘के’ जीवनसत्त्व त्या औषधाच्या कार्यास विरोध करते. वृक्कविकारात पोटॅशियम व प्रथिनांची मर्यादा पाहूनच यूष योजावे.

औषधालयचालकांनी सुंठ व पिंपळी कीड न लागलेली, ताजी दळलेली द्यावी. तयार सूपची भुकटी ‘यूष’ म्हणून देण्यापूर्वी वेष्टनावरील मीठ, साखर व पिष्टाचे प्रमाण वाचावे.

सारांश, पथ्याच्या चिठ्ठीवर चार गोष्टी अवश्य असाव्यात : कोणते धान्य, किती पाणी, कोणती भाजी आणि कोणत्या दिवसापासून. औषधास मात्रा असते, तशी पथ्यासही असली पाहिजे.