नाताळची सुटी आणि घरचें इंटरनेट

नाताळच्या सुटींत घराघरांतून एक तक्रार हटकून ऐकूं येते. वर्षभर मुकाट्यानें चालणारें इंटरनेट नेमकें सणाच्या संध्याकाळीं अडखळूं लागतें. मुंबईहून मामा येतात, पुण्याहून आत्या येतात, प्रत्येकाच्या खिशांत एकेक फोन असतो, मुलें दिवाणखान्यांत चित्रपट लावून बसतात. आणि मस्कतला चाकरीस असलेल्या मुलाचें मुख पाहण्यासाठीं आजी जेव्हां पडद्यासमोर येऊन बसते, तेव्हां त्याचा चेहरा मध्येंच गोठतो व शब्द तुटून येतात. ज्या घरचा कर्ता पुरुष दोन-दोन वर्षें परदेशीं असतो, त्या घरास ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाहीं. पुष्कळ पालक अशा वेळीं कंपनीस दोष देतात, अधिक दामाची योजना घेतात, आणि पुढील वर्षीं पुन्हां तोच अनुभव घेतात. कारण दोष बहुधा वेगाच्या उणिवेंत नसून दुसरीकडे असतो.

प्रथम मापाचा विचार करूं. इंटरनेटचा वेग दर सेकंदास किती बिट यावरून मोजतात. फोटो व चित्रपट यांचें आकारमान मात्र बाइटांत सांगतात, आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. सबब ५० मेगाबिट वेगाच्या तारेवरून एक गिगाबाइटचा चित्रपट उतरण्यास २० सेकंद नव्हे, तर सुमारें १६० सेकंद लागतात. जगांतील पहिला लघुसंदेश ता. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत धाडला गेला, आणि त्यांत ‘मेरी ख्रिसमस’ एवढेंच होतें. इंग्रजींत हीं १५ अक्षरें होतात. प्रत्येक अक्षरास ७ बिट धरले तर एकंदर १०५ बिट. आज सुस्पष्ट चित्रपट पाहण्यास दर सेकंदास सुमारें ५० लक्ष बिट लागतात. तरीहि ५० मेगाबिटांच्या तारेवर असे आठ-नऊ चित्रपट एकाच वेळीं चालावयास हरकत नसावी. आजीच्या संभाषणास तर दोन-तीन मेगाबिट पुरेत. मग घोडें अडतें कोठें?

तें अडतें रांगेंत. घरांतून बाहेर जाणारी माहिती राउटरमधून एकामागून एक जाते. आलेला पाहुणा आपला फोन घरच्या वायफायला जोडतो, आणि तो फोन मालकास न विचारतां दिवसभराचे फोटो दूरच्या साठवणींत धाडूं लागतो. २०० फोटो, प्रत्येकीं ४ मेगाबाइट, म्हणजे ८०० मेगाबाइट झाले. कित्येक योजनांत बाहेर पाठविण्याचा वेग उतरवून घेण्याच्या वेगाहून पुष्कळ कमी असतो. तो १० मेगाबिट धरला तर एका पाहुण्याचे फोटो जाण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागेल. असे चार पाहुणे असले म्हणजे पाऊण तास तार भरलेली. शिवाय राउटरच्या पोटांत एक मेगाबाइट माहिती खोळंबून राहिली, तर तिच्या मागें उभ्या असलेल्या आजीच्या शब्दास ०.८ सेकंद थांबावें लागतें. संभाषणांत सुमारें ०.१५ सेकंदापर्यंतचा विलंब माणसास फारसा जाणवत नाहीं. त्याहून पुष्कळ वाढला कीं दोघेहि एकदम बोलूं लागतात आणि दोघेहि एकदम थांबतात.

ही व्याधि नवी नाहीं. ऑक्टोबर १९८६ मध्यें अमेरिकेंतील बर्कले येथें प्रयोगशाळा व विद्यापीठ यांच्यामधील, अवघ्या ४०० यार्ड अंतरावरील, दळणवळणाचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तार कोठेंहि तुटली नव्हती. रांग तुंबली कीं प्रत्येक संगणक आपली माहिती पोंचली नाहीं असें समजून तीच पुन्हां धाडी, आणि गर्दी वाढतच जाई. व्हॅन जेकब्सन या संशोधकानें त्यावर उपाय शोधून १९८८ मध्यें प्रसिद्ध केला: गर्दीची चाहूल लागतांच धाडणाऱ्यानें आपण होऊन हात आखडावा. आजहि बहुतेक माहिती याच शिस्तीनें वाहते. परंतु पुढें साठवणीचीं उपकरणें स्वस्त झालीं, कारखानदारांनीं राउटरांत मोठमोठ्या रांगा सामावतील अशी सोय केली, आणि गर्दीची चाहूल धाडणाऱ्यास उशिरां लागूं लागली. चांगल्या हेतूनें केलेली सोय अशी बाधक ठरली.

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. बोलणें चालू असेपर्यंत पाहुण्यांच्या फोनांतील फोटो आपोआप धाडण्याची सोय बंद ठेवावी; रात्रीं सर्व निजल्यावर ती खुशाल चालूं द्यावी. मुलांनीं पाहावयाचा चित्रपट आदले दिवशींच उतरवून ठेवावा. नव्या राउटरांपैकीं कांहींत रांगेचें नियमन करण्याची व्यवस्था असते. तेथें तारेच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के एवढी मर्यादा घालावी. थोडा वेग सोडल्यानें बोलणें सुरळीत होतें, हें प्रथम ऐकणारास विपरीत वाटतें. परंतु अरुंद दारांतून एकेक माणूस सोडला म्हणजे सभागृह लवकर रिकामें होतें, हें आपण दर रविवारीं उपासनेनंतर पाहतोंच.

दुसरें कारण हवेंत आहे. वायफायच्या लहरी म्हणजे रेडिओच्याच लहरी, २.४ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरीची तरंगलांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांतील लहरीची सुमारें साडेपांच. अशा आंखूड लहरींवरील आद्य प्रयोगांत आपल्या देशाचा वांटा मोठा आहे. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यांत अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून दाखविल्या. आणि त्यांस पदार्थविज्ञानाची गोडी लावणारे फादर लाफाँ हे तेथील सेंट झेवियर्स कॉलेजांतले मिशनरी शिक्षक होते, हें सांगितल्यावांचून माझ्यानें राहवत नाहीं.

या लहरींस पोलाद उलटवून लावतें, पाणी शोषून घेतें, आणि जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती त्यांचा बराच जोर हिरावून घेतात. असें असतां आपण राउटर कोठें ठेवतों? पोलादी कपाटाच्या मागें, टी.व्ही.च्या पाठीमागच्या कोनाड्यांत, नाहीं तर पाण्याच्या पिंपाशेजारीं! तो घराच्या मध्यावर, छातीइतक्या उंचीवर, उघड्यावर असावा. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी अधिक माहिती वाहतात, पण भिंतींपुढें लवकर थकतात. म्हणून त्याच खोलींतील उपकरणांस त्या व दूरच्या खोलीस २.४ च्या, अशी वांटणी बरी. मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालते व तिच्यांतून थोड्या लहरी बाहेर झिरपतात. तेव्हां कोणी चहा ऊन करीत असतां शेजारच्या फोनावरील बोलणें तुटलें तर नवल नाहीं. दाट वस्तींत शेजाऱ्यांचे राउटरहि आड येतात. २.४ च्या पट्ट्यांत १, ६ व ११ हे तीन मार्ग एकमेकांवर चढत नाहींत. त्यांतला जो मोकळा दिसेल तो निवडावा. टी.व्ही. जागचा हालत नाहीं, त्यास तारेनें जोडावें, म्हणजे हवा इतरांस मोकळी राहील.

दोष तारेचा कीं हवेचा, हें ओळखण्याची रीत सोपी आहे. राउटरशेजारीं उभें राहून वेग मोजा, मग आंतल्या खोलींत मोजा. पहिल्या जागीं चांगला व दुसऱ्या जागीं वाईट असेल तर हवेचा दोष. दोन्हीकडे वाईट असेल तर घरांतील इतर फोन क्षणभर बंद करून पुन्हां मोजा. सुधारला तर ती रांगच. तरीहि न सुधारल्यास तक्रार कंपनीकडे न्यावी.

वरच्या वर्गांतील मुलांनीं पूर्ण आंतरिक परावर्तनाचा धडा वाचला असेल. कांचेच्या केसासारख्या तंतूंतून प्रकाश त्याच नियमानें आपल्या दारीं येतो. तो तंतु फार वांकविला म्हणजे प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. नाताळांत कागदी तारा टांगण्यासाठीं खिळा ठोकतांना ती काळी किंवा पांढरी बारीक केबल त्याच खिळ्याभोंवतीं गुंडाळण्याचा मोह होतो, तो टाळावा. पेटीवर एल.ओ.एस. या अक्षरांशेजारीं तांबडा दिवा लागला तर प्रकाश पोंचत नाहीं असें समजावें. मग राउटर दहा वेळां बंद-चालू करून उपयोग नाहीं, कारागीरच बोलवावा लागतो. सणाच्या दिवशीं तो मिळणें कठीण, म्हणून ही पाहणी २० तारखेच्या आंत उरकावी.

वीज गेली तर दिव्याबरोबर राउटरहि विझतो. बहुतेक राउटर व प्रकाशतंतूची पेटी १२ व्होल्टांवर चालतात, आणि त्यांच्यासाठीं लहान बॅटरीची पेटी बाजारांत मिळते. घेतांना राउटरच्या तळाशीं लिहिलेले व्होल्ट व अँपिअर पाहून घ्यावे, आणि तंतूची पेटी निराळी असल्यास दोहोंसहि वीज मिळेल अशी घ्यावी.

२४ तारखेच्या संध्याकाळीं आजीची खुर्ची जेथें असावयाची, तेथूनच आदले दिवशीं परदेशीं एकदा बोलून पाहावें. मस्कतचें घड्याळ आपल्याहून दीड तास मागें, कुवेतचें अडीच तास, आणि डिसेंबरांत लंडनचें साडेपांच तास मागें असतें. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ होतील, तेव्हां मस्कतला आठ वाजलेले असतील.