पिकणे म्हणजे संपणे नव्हे



वार्धक्याविषयीचे महात्मा बसवण्णांचे एक वचन आपल्या परिचयाचे आहे. म्हातारपणाच्या एकेक खुणा सांगून, त्या अंगावर येण्याआधीच कूडलसंगमदेवाची पूजा करून घे, असा इशारा त्यात आहे. हे वचन ऐकून पुष्कळ वृद्ध मंडळी खिन्न होतात. "आमचे तर राहूनच गेले, आता काय उपयोग?" असे म्हणून प्रवचनाला येणेही सोडतात. घरातली माणसेही मग त्यांना कशात विचारीत नाहीत. म्हणून या वचनाचा रोख नीट समजून घेतला पाहिजे.

हा इशारा कोणाला आहे? "पुढे बघू" म्हणून टाळणाऱ्या तरुणाला आहे. वृद्धांना दार बंद झाले, असे त्यात कोठेही नाही. गुडघे दुखतात, दृष्टी मंदावते, नावे चटकन आठवत नाहीत, हे खरेच आहे. परंतु उतारवयात केवळ जाणेच असते, काही येणे नसते, ही समजूत मात्र खोटी आहे.

अलीकडच्या संशोधनातूनही हेच दिसते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ तीच माणसे पुन्हा पुन्हा तपासली. दिवसातून पाच वेळा पेजर वाजे आणि त्या क्षणी मनात काय भाव आहे ते लिहायचे, अशी पद्धत होती. 2011 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : वय वाढते तसे मन अधिक प्रसन्न आणि अधिक स्थिर होत जाते. हाती वेळ थोडा आहे हे कळले की माणूस व्यर्थ वाद सोडतो व जिव्हाळ्याची माणसे जवळ करतो, असे कार्स्टेन्सन यांचे म्हणणे आहे. 2015 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात आढळले की बुद्धीचा वेग विशीच्या आतच शिखर गाठतो, पण शब्दांची जाण साठी उलटल्यावरही वाढत असते.

विचार करा, इष्टलिंग तळहातावर घेऊन दृष्टी स्थिर करताना तरुणपणी अडचण कशाची असते? चित्त चार ठिकाणी धावते, याची. तीच धाव वयाबरोबर मंदावते. हात थरथरेल, पण मन थरथरत नाही. हे काय थोडे झाले?

तुमकूरच्या सिद्धगंगा मठाचे डॉ. शिवकुमार महास्वामीजी 1907 साली जन्मले. 1941 साली मठाची धुरा त्यांच्याकडे आली. अन्न, अक्षर व आश्रय असा त्रिविध दासोह त्यांनी हजारो मुलांसाठी चालविला. वयाची शंभरी ओलांडल्यावरही त्यांनी पूजा आणि मुलांची चौकशी सोडली नाही. 2019 साली, 111 व्या वर्षी ते लिंगैक्य झाले. नोकरीला निवृत्ती असते, कायकाला नसते; वयाप्रमाणे त्याचे रूप तेवढे बदलते. नांगर धरणारा हात उद्या नातवाला अक्षर गिरवायला शिकवील. तेही कायकच आहे.

या महिन्याचा अभ्यास असा. वृद्धांनी रोज पूजेनंतर स्वतःला विचारावे : आज माझ्या हातून कोणाला काय देता येईल? तरुणांनी घरातल्या एका निर्णयात तरी आजी-आजोबांचे मत आधी घ्यावे. आणि "पुढे बघू" म्हणून ठेवलेली पूजा दोघांनीही आजच सुरू करावी. बसवण्णांच्या इशाऱ्याचा खरा अर्थ तोच आहे.