लहान गांवाची खानेसुमारी : ती कशी वाचावी

आपल्या गांवाची वस्ती किती, असें कोणीं विचारलें असतां बहुतेक शेतकरी बंधु एक आंकडा चटकन् सांगतात. तो आंकडा कोणत्या सालचा, वर्षाच्या कोणत्या दिवसांतला, आणि त्यांत कोण मोजले गेले व कोण सुटले, हें सांगणारा मात्र विरळा. पण ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या याच आंकड्यावर ठरते, निधीची वांटणी त्याच्याच आधारें होते, आणि गांव वाढतें आहे कीं झिजतें आहे याचाही तोच पुरावा म्हणून पुढें केला जातो. तेव्हां हा आंकडा कसा वाचावा, हें नागपूर जिल्ह्यांतील उदाहरणें घेऊन या लेखांत सांगावयाचें आहे. मोठ्या शहराच्या गणनेंत शंभर माणसांचा फरक कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. चारशें वस्तीच्या गांवांत शंभर माणसें म्हणजे गांवाचा चवथा हिस्सा होय.

प्रथम गांव म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. आपल्या जुन्या लोकांनीं गांवाचे दोन भाग मानले आहेत : घरांची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. सरकारी दप्तरांतला मौजा या दोहोंचा मिळून होतो, आणि पांढरी नाहींशी झाली तरी मौजा राहतो. नागपूर जिल्ह्यांतील गांवांची यादी उघडली तर कित्येक नांवांपुढें ‘रिठी’ असा शब्द आढळतो. हींच तीं उजाड किंवा बेचिराग गांवें. बेचिराग म्हणजे जेथें दिवा लागत नाहीं तें. कोठें विहिरींचें पाणी गेलें, कोठें पटकीच्या एका सालांत घरें बसलीं, कोठें शेजारच्या गांवास सडक व बाजार मिळाला म्हणून लोक हळूहळू तिकडे राहूं लागले. त्यांच्या खुणा शेतकऱ्याच्या डोळ्यांस सहज दिसतात : भुरकट माती, खापरांचे तुकडे, चिंचेचीं जुनीं झाडें, एखादा उघड्यावरचा मारुती. अशा जागेच्या मातींत पीक चांगलें येतें याचें कारणही तेंच. पिढ्यान् पिढ्यांचा उकिरडा तेथें मुरलेला असतो.

रिठी गांवाची लोकसंख्या शून्य असते. लागवड मात्र बहुधा पुरी असते, कारण कास्तकार शेजारच्या गांवीं राहून ती जमीन वाहतात. म्हणून केवळ लोकसंख्या पाहून ‘गांव मेलें’ असें म्हणणें धाडसाचें आहे. उलट, वस्ती भरलेली आणि जमिनी परक्यांच्या हातीं गेलेल्या, अशाही गांवांची वाण नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या मतें या दोहोंत दुसऱ्याचीच स्थिति अधिक शोचनीय आहे.

या प्रांतापुरते जुने कागद कोठून मिळतात तें आतां पाहूं. भोंसल्यांचें राज्य १८५४ मध्यें खालसा झालें, १८६१ त मध्यप्रांत बनला, आणि प्रांताची पहिली खानेसुमारी १८६६ च्या नोव्हेंबरांत झाली. त्याच सुमारास जमिनीचा पहिला मोठा बंदोबस्त होऊन मालगुजारांस गांवावर मालकी हक्क मिळाले. ते पुढें १९५१ मध्यें संपुष्टांत आले. बंदोबस्ताच्या वेळीं गांवोगांवचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदांत लिहून घेत. गुरें कोठें चारावीं, सरपण कोठून आणावें, पाण्याची वाट कोणती, हें सर्व त्यांत येई. विदर्भांतील गांवांचें निस्तारपत्रक याच जातीचें असून १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमानें तीं दोन्हीं मान्य केलीं आहेत. गांवाचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्यानें शाळेच्या शतसांवत्सरिक पुस्तिकेपेक्षां हे कागद आधीं वाचावेत. त्या पुस्तिकांत पांडव येऊन गेल्याची कथा असते आणि पुढाऱ्यांचीं छायाचित्रें असतात. मधलीं दोनशें वर्षें गाळलेलीं असतात.

आतां आंकड्यांकडे वळूं. नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या १८८१ मध्यें ६,९७,३५६ होती. १८९१ मध्यें ती ७,५७,८६२ झाली, आणि १९०१ मध्यें ७,५१,८४४ भरली. शेवटच्या दहा वर्षांत सहा हजारांची घट, म्हणजे शेंकडा एकही नाहीं. हा आंकडा वाचून कोणासही वाटेल कीं १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांतून जिल्हा सुखरूप पार पडला. पण यांतून नागपूर शहर वजा करून पहा. शहर त्याच दहा वर्षांत १,१७,०१४ वरून १,२७,७३४ वर गेलें. शहर सोडून बाकीचा जिल्हा ६,४०,८४८ वरून ६,२४,११० वर उतरला, म्हणजे जवळजवळ सतरा हजार माणसें कमी झालीं. शहराच्या वाढीनें खेड्यांची घट झांकली होती.

त्या वेळीं जिल्ह्यांत बारा शहरें व १,६८१ खेडीं होतीं. नागपूर व कामठी (३८,८८८) वगळून उरलेली सारी वस्ती या खेड्यांत सारखी वांटली तरी दर खेड्यास साडेतीनशें माणसें येत नाहींत, आणि त्यांतही दहा लहान शहरांची वस्ती धरलेली आहे. एवढ्याशा गांवांतून दहावीस माणसें गेलीं तर दोन नांगर बंद पडतात.

दुसरें उदाहरण १९११ चें. त्या सालीं नागपूर शहराची लोकसंख्या १,०१,४१५ एवढीच भरली. दहा वर्षांपूर्वींपेक्षां सव्वीस हजारांनीं कमी. एवढीं माणसें मेलीं नव्हतीं. गणनेच्या सुमारास शहरांत प्लेग होता व लोक घरें सोडून बाहेर गेले होते. १९३१ पर्यंतची खानेसुमारी एका ठराविक रात्रीं होत असे, आणि त्या रात्रीं जो जेथें सांपडेल तेथेंच तो मोजला जाई. अर्थात् शहरांतले लोक आसपासच्या गांवांच्या खातीं पडले असले पाहिजेत. शहराजवळच्या एखाद्या लहान गांवाची वस्ती त्या एकाच वर्षीं फुगलेली दिसली, तर तेथें कांहीं भरभराट झाली होती असें लिहून बसूं नये. तसेंच १९२१ चा आंकडा वाचतांना १९१८ चा इन्फ्लुएन्झाचा ताप विसरतां कामा नये. त्या सांथींत म्हाताऱ्यांपेक्षां तरणींताठीं माणसें अधिक गेलीं, म्हणून पुढचीं कांहीं वर्षें जन्मही घटले.

गणना बहुधा फेब्रुवारी-मार्चांत होते. हे दिवस गहूं-हरभऱ्याच्या काढणीचे. मजूर एका गांवचे दुसऱ्या गांवीं असतात, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेस पचमढीकडे गेलेल्यांची गोष्ट निराळीच. हल्लींची गणना एका रात्रीची नसून कांहीं आठवडे चालते व राहत्या ठिकाणाची असते, तरी हंगामी बिऱ्हाडांची चूक तींत राहतेच.

आतां एका गांवाची हकीकत जरा विस्तारानें पाहूं. नरखेड तालुक्यांत, पूर्वींच्या काटोल तहसिलींत, वर्धा नदीच्या कांठीं मोवाड आहे. वर्धा ही मुलताईच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते, आणि मोवाडच्या पलीकडे अमरावती जिल्हा लागतो. १८०३ च्या देवगांवच्या तहानें भोंसल्यांना वऱ्हाड सोडावें लागलें व वर्धा ही राज्याची सीमा ठरली. त्या दिवसापासून मोवाड सरहद्दीवरचें गांव झालें. १८६७ मध्यें तेथें नगरपालिका स्थापन झाली. १९०१ च्या गणनेंत जीं बारा शहरें दाखविलीं आहेत त्यांत मोवाड एक आहे, आणि त्या वेळीं त्याची वस्ती पांच हजारांच्याही आंत होती. २०११ मध्येंही ती दहा हजारांच्या आंतच भरली. तेवढ्याच काळांत नागपूर सव्वा लाखावरून चोवीस लाखांवर गेलें. नांवाला शहर, पण धंदा शेतीचा; आसपास कपाशी व संत्र्यांच्या बागा, असें हें गांव.

१९९१ ची जनगणना त्या वर्षाच्या १ मार्चच्या सूर्योदयाची स्थिति धरून झाली. मोवाडचीं घरें व माणसें त्या गणनेंत यथास्थित मोजलीं गेलीं. त्यानंतर पांच महिन्यांच्या आंत, ३० जुलै १९९१ रोजीं, वर्धेला महापूर आला. नदी गांवांत शिरली. २०४ माणसें मृत्युमुखीं पडलीं व गांवाची मोठी वाताहत झाली. पुढें गांवाचें पुनर्वसन करून नवी वस्ती वसविण्यांत आली.

आतां मौज अशी—मौज हा शब्द येथें शोभत नाहीं, पण दुसरा सुचत नाहीं—कीं १९९१ च्या जनगणनेच्या पुस्तकांत मोवाडपुढें जो आंकडा आहे तो पूर्णपणें खरा आहे, आणि पुस्तक लोकांच्या हातीं पडण्यापूर्वींच तो खोटा ठरलेला होता. त्यांत मोजलेलीं दोनशेंचार माणसें नाहींत, त्यांत मोजलेलीं कितीक घरें नाहींत. २००१ च्या आंकड्याशीं त्याची तुलना करून ‘दहा वर्षांत इतके टक्के वाढ’ असें गणित कोणीही मांडूं शकेल. त्या टक्क्यांत पूर कोठेंही दिसणार नाहीं. तो कळण्यासाठीं गांवांतल्या माणसासच विचारावें लागतें. धरणाच्या बुडितामुळें उठलेल्या गांवांचीही अशीच अवस्था आहे. गोसीखुर्दच्या जलाशयासाठीं कुही व भिवापूर तालुक्यांतील लोकांस घरें सोडावीं लागलीं, त्यांची बेरीज-वजाबाकी नव्या जागेच्या नांवावर पडली.

ज्यास आपल्या गांवाचा हिशेब करून पाहावयाचा असेल त्यास साधन अवघड नाहीं. १९५१ पासून प्रत्येक गणनेच्या वेळीं जिल्हा जनगणना पुस्तिका निघत आल्या आहेत. त्यांत मौजावार घरें, स्त्री-पुरुष व साक्षर यांचे आंकडे असतात, व अलीकडच्या पुस्तिकांत सहा वर्षांखालील मुलें, शेतकरी व शेतमजूर हेही वेगळे सांपडतात. जन्म-मृत्यूसाठीं पूर्वीं गांवचा कोतवाल आपल्या पुस्तकांत नोंद करून ठाण्यावर कळवीत असे. हेंच तें ‘कोतवालबुक’, ज्याच्या नकलेसाठीं आज जातीच्या दाखल्याकरितां लोक तहसिलींत खेपा घालतात. अलीकडच्या नोंदी ग्रामपंचायतींत असतात. दोन गणनांमधील जन्मांतून मृत्यु वजा करावे, बाकी पहिल्या गणनेंत मिळवावी, व दुसऱ्या गणनेशीं ताडून पाहावें. समजा, गांवांत २००१ मध्यें ४१२ माणसें होतीं. दहा वर्षांत ७१ जन्म व ४८ मृत्यु झाले. म्हणजे २०११ मध्यें ४३५ माणसें भरावयास हवीं होतीं, भरलीं ३८९. तर ४६ माणसें गांव सोडून गेलीं. येथें एक सावधगिरी ठेवावी. पहिलटकरीण बाळंतपणास माहेरीं जाते, आणि अलीकडे बाळंतपणें बहुधा तालुक्याच्या किंवा शहराच्या दवाखान्यांतच होतात. जन्माची नोंद तेथेंच राहते. तेवढे जन्म शोधून घरच्या खातीं घेतल्यावांचून हिशेब जुळत नाहीं.

या ४६ जणांत कोण होते, हें पाहिल्यावांचून मात्र थांबूं नये. लग्न होऊन सासरीं गेलेल्या मुली व लग्न होऊन आलेल्या सुना बहुधा एकमेकींस फेडतात. उरतात ते जोडप्यानें नागपुरास किंवा पुण्यास गेलेले तरुण. ते गेले कीं पुढच्या गणनेंत सहा वर्षांखालील मुलांचा रकाना आधीं आटतो, मग शाळेचा पट. घरांची संख्या कमी होण्यास त्यापुढें बरींच वर्षें लागतात, कारण म्हातारीं माणसें दार उघडें ठेवतात. म्हणून गांव झिजतें आहे कीं काय हें पाहावयाचें असल्यास एकूण आंकड्याकडे न पाहतां मुलांच्या रकान्याकडे पाहावें. तो दहा वर्षें आधीं बोलतो.

२०२१ ची गणना महामारीमुळें त्या सालीं होऊं शकली नाहीं, व दशक उलटल्यावरही २०११ चेच आंकडे धरून कारभार चालवावा लागला. गांवकऱ्यांनीं स्वतः घरोघर फिरून एक वही करावी. तींत घरधनी, माणसें, बाहेरगांवीं असलेलीं माणसें, बैलजोडी, विहीर व तिचें उन्हाळ्यांतलें पाणी एवढे रकाने पुरे. दिवाळीस बाहेरगांवचीं माणसें घरीं आलेलीं असतात, तेव्हां ती भरावी, आणि चैत्रांत पुन्हा एकदां पाहावी. वहीच्या दोन प्रती कराव्या. एक ग्रामपंचायतींत ठेवावी व दुसरी शाळेंत.