'विश्वास ठेव, रडू नकोस' असं म्हणण्याआधी

घरावर काही आलं की ते मुलांपासून झाकून ठेवायचं, ही आपली जुनी खोड. कंत्राटाची मुदत संपत आलेली असते, बागेवर गारा पडून गेलेल्या असतात, आजीचे रिपोर्ट चांगले आलेले नसतात, आणि मुलं खोलीत शिरली की आपण एकदम शाळेच्या डब्याबद्दल बोलायला लागतो. मुलांना कळतंच. दूधवाल्याला 'पुढच्या आठवड्यात देते' म्हटलेलं त्यांनी ऐकलेलं असतं. रात्री उशिरापर्यंत आतल्या खोलीत चाललेली कुजबुजही ऐकलेली असते. नेमकं काय झालंय ते ठाऊक नसतं. आईबाबा घाबरलेत, एवढं पक्कं ठाऊक असतं. मग उरलेलं मूल मनाने भरतं, आणि मुलाच्या मनातलं संकट खऱ्यापेक्षा बहुतेक वेळा मोठं असतं.

आपल्या ओझरात ही काळजी दोन वाटांनी घरात येते. एक कारखान्याची. 1964 साली एचएएलचा विमान कारखाना इथं उभा राहिला आणि देशभरातून माणसं आली. त्यांत ख्रिस्ती घरंही होती. अशा घरांत आजारपण आलं तर धावत यायला आजी-मावशी जवळ नाहीत. गाव रेल्वेच्या दीड-दोन दिवसांवर. दुसरी वाट द्राक्षबागांची. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना काढणीला आलेल्या बागेचं एका दुपारीत काय होतं ते सांगायला नको. घर कारखान्यावरचं असो की बागेवरचं, आपण ख्रिस्ती माणसं अशा वेळी प्रार्थनेला बसतो, आणि लेकराला सांगतो, 'प्रभूवर विश्वास ठेव, रडू नकोस.'

पहिल्या अर्ध्या वाक्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसरं अर्धं मात्र शास्त्रात कुठं आहे, ते मला दाखवा.

लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. आपण त्याला आता उठवणार आहोत हे माहीत असूनही रडला. गेथशेमानेच्या बागेत त्याने हा प्याला टळावा अशी विनवणी केली आणि मित्रांना म्हणाला, जरा माझ्यासोबत जागे राहा. ते झोपले, ही गोष्ट वेगळी. वधस्तंभावर त्याच्या तोंडी जे शब्द आले ते बाविसाव्या स्तोत्राचे, आणि ते स्तोत्र सुरूच होतं देवाने टाकल्याच्या तक्रारीने. दीडशे स्तोत्रांमधली कितीतरी अशीच, देवाशी भांडणारी. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांना ते गाळता आलं असतं. गाळलं नाही. आपण मात्र घरच्या प्रार्थनेत ते गाळतो. तेविसावं पाठ करून घेतो, एकशे एकविसावं पाठ करून घेतो, आणि दुःखाची स्तोत्रं मोठ्यांसाठी ठेवून देतो. मग खरंच वाईट दिवस येतो तेव्हा पोराकडे बोलायला शब्दच नसतात. हिरव्या कुरणाचे शब्द असतात, आणि समोर कुरण नसतं.

रडणं म्हणजे अविश्वास, असं एकदा मुलाच्या डोक्यात बसलं की ते रडायचं थांबत नाही, आपल्यासमोर रडायचं थांबतं. दोन्हींत फार फरक आहे.

आता जरा अवघड गोष्ट. दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. लांबून लोक येतात, सगळ्या धर्मांचे येतात, मेणबत्त्या लावतात, मागणं मागतात. त्या गर्दीत मलाही बरं वाटतं; या श्रद्धेला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. पण आपण बोललेलं मुलं ऐकत असतात. 'प्रार्थना केली म्हणून नोकरी टिकली', 'नोव्हेना केली म्हणून ऑपरेशन नीट झालं.' आठ-नऊ वर्षांचं पोर याचा सरळ हिशेब मांडतं. आणि पुढच्या वर्षी आजी गेली की विचारतं, किंवा विचारतही नाही, नुसतं मनात धरतं: माझी प्रार्थना कमी पडली का?

या प्रश्नाला 'देवाची इच्छा' हे उत्तर फार घाईने देऊ नका. ईयोबाचे मित्र आठवा. त्याची मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक अक्षर न बोलता. माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. पुढं तोंड उघडलं आणि 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' म्हणत अध्यायच्या अध्याय उपदेश केला. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर. ओरडणाऱ्या, जाब विचारणाऱ्या ईयोबाचं बोलणं त्याला खरं वाटतं. तेव्हा मुलाजवळ बसा. 'तुझी प्रार्थना कमी पडली नाही' एवढं स्पष्ट सांगा, कारण ते कळल्याशिवाय त्याला झोप लागणार नाही. बाकीचं 'मलाही कळत नाही रे' म्हणून सोडून द्या. आईलाही कळत नाही आणि तरी ती प्रार्थना करते, हे पाहणं मुलाला पुष्कळ शिकवतं.

शब्द आधीपासून तोंडी असावेत असं मी का म्हणते, त्याला आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आहे. नाशकातला शरणपूर रोड आपल्या रोजच्या जाण्यायेण्याचा. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथं शरणपूरची वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आणली जात, शाळा शिकत, सुतारकी-लोहारकी शिकत. आईबाप, गाव, भाषा, सगळं तुटलेली मुलं. त्यांतला एक जेकब वेनराइट. 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियात मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा हा तरुण त्यांच्या माणसांत होता. त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं गेलं. आजूबाजूला ना पाळक ना चर्च. दफनविधीच्या प्रार्थना वाचल्या त्या या नाशकात शिकलेल्या पोराने, आणि झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानेच कोरली. मग सोबत्यांनी तो देह महिनोन्‌महिने चालून किनाऱ्यापर्यंत पोचवला. एप्रिल 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला जेकब हजर होता. ज्यांनी त्याला शरणपुरात त्या प्रार्थना शिकवल्या, त्यांच्या स्वप्नातही नसेल की त्या कुठल्या रानात कामाला येणार आहेत.

आणि लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या शेजारच्याच. 1868 साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मलेल्या. 1895 मध्ये त्यांच्या नवऱ्याने, कवी ना. वा. टिळकांनी, मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे होत्या. नवरा जिवंत असून संसार मोडला, चारचौघांत मान खाली गेली. त्या दुःखाला त्यांनी कुठलाही मुलामा दिला नाही. रडल्या, चिडल्या, कविता रचल्या. नवऱ्यामागोमाग निमूट धर्म बदलला, असंही झालं नाही. आधी जातपात मनातून गेली, सोवळंओवळं गेलं, प्रश्न विचारून झाले, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षं गेली ती गेलीच. आपल्या घरातला पंधरा वर्षांचा मुलगा एखाद्या रविवारी 'मी चर्चला येत नाही' म्हणाला की आपल्याला पाच आठवडेसुद्धा धीर धरवत नाही. पुढं 1919 मध्ये टिळक गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट राहिलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने ते पूर्ण केलं.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली, आणि ती मी दरवेळी सांगते. मूल आठवडेच्या आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्याबद्दल वेडंवाकडं बोलत असेल, तर प्रार्थना करा आणि डॉक्टरांकडे न्या. त्याचं मन आजारी असणं म्हणजे त्याचा विश्वास दुबळा असणं नव्हे. ताप आल्यावर आपण असं म्हणत नाही. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर फुकट आहे, मराठीतही बोलतात. हा नंबर मुलासाठी लिहून घ्या. तुमच्यासाठीही घ्या. नोकरी गेलेल्या बापाने मंडळीसमोर साक्ष देताना हसायलाच हवं, असा नियम कुणी केला मला माहीत नाही. पाळकांना, शेजारच्या कुटुंबाला खरं सांगा. डबा पाठवायला, मुलाला दोन तास सांभाळायला त्यांना आवडतं. आपणच 'सगळं ठीक' म्हणून दार लावून घेतो.

या आठवड्यात घरच्या प्रार्थनेला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढा. मुलांना वाचू द्या, मोठ्याने. 'शेवट असाच?' असं ती विचारतीलच. हो म्हणा, असाच आहे, आणि त्यांच्या मनात काय आलं ते विचारा. घरी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' असेल तर जेवणानंतर त्यातली चार पानं वाचा. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याची पानं आधी घ्या. पोरं पोट धरून हसतील. दुःखाची पानं पुढं येतातच, आणि तोवर त्यांना त्या बाईची ओळख झालेली असते.